चिठ्ठीवरचं ‘ॲसि.’

वाळूजच्या एमआयडीसीत आमचा शाईचा लहानसा कारखाना. मी तिथं केमिस्ट म्हणून नवीन होते आणि तोरा भरपूर होता. लिहायचा मात्र कंटाळा. गोदाम सांभाळणाऱ्या मामांना चिठ्ठ्या धाडायचे, त्याही अर्ध्यामुर्ध्या शब्दांत. मामा सिल्लोडकडचे, निवृत्तीला दोन महिने उरलेले.

एका सकाळी गोदामात शिरले तर नेलपॉलिश रिमूव्हरसारखा गोडसर वास. बघते तर इथाइल ॲसिटेटचे चार ड्रम नायट्रिक ॲसिडच्या कॅनना अगदी खेटून! ॲसिटेट म्हणजे शाई पातळ करायचं, चटकन पेटणारं रसायन, आणि नायट्रिकनं आम्ही स्टीलच्या टाक्या साफ करायचो. गळून दोन्ही एकत्र आलं की आधी तापणार, मग तांबूस धूर आणि मग भडका. माझं डोकंच फिरलं. चारचौघांसमोर मामांना म्हणाले, "इतकी वर्षं गोदामात काढली, आणि ॲसिडशेजारी काय ठेवू नये एवढंही कळत नाही?"

मामांनी खिशातून चिठ्ठी काढून माझ्या हातात दिली. अक्षर माझंच: ‘ॲसि. ४ ड्रम. जागेवर लावणे.’

"ॲसि. म्हंजी ॲसिडच ना, मॅडम? डरमावरचं समदं इंग्रजी. तुमच्या चिठ्ठीवर भरवसा ठिवला."

मला लिहायचं होतं ॲसिटेट. मेल्याहून मेल्यासारखं झालं. आम्ही दोघांनी मिळून ड्रम पार दुसऱ्या टोकाच्या शेडमध्ये नेले. तेवढ्यात गलका कानावर गेल्यानं मालक आले. रागाच्या भरात माणसाला घरी पाठवायची त्यांची ख्याती.

"कुणी लावले होते ते ड्रम?"

"म्या लावले, साहेब. चुकलं," मामा म्हणाले.

चिठ्ठी माझ्या मुठीत होती. गप्प बसले असते तर निभावलं असतं, आणि खोटं कशाला सांगू, क्षणभर तसं वाटलंही. मग चिठ्ठी पुढं केली. "चूक माझी आहे, साहेब. मामांनी वाचलं तसंच केलं."

मालकांनी मला चांगलं फैलावर घेतलं. नोकरी तेवढी राहिली. ते गेल्यावर मामाच माझ्यावर उखडले. "कशाला बोललात? माझं काय, दोन महिनं ऱ्हायलेत. तुमची आत्ता कुठं सुरवात हाय!"

मी त्यांना चारचौघांत बोलले होते. दुपारी सगळे डबे उघडून बसले तेव्हा उभी राहिले आणि चारचौघांतच माफी मागितली. मामा इतके लाजले की मान वर करेनात. मग त्यांनी आपला डबा माझ्याकडं सरकवला.

"बसा आता, मॅडम. ठेचा घ्या. ह्यो कशाशेजारीबी ठिवला तरी चालतो."