संपतचं हसणं

रजा मंजूर झाली होती. ट्रंका बांधून झाल्या होत्या. माझ्या ट्रंकेवर तर मी पांढऱ्या रंगानं ‘परंदवडी’ असं लिहून वर बैलाचं चित्रही काढलं होतं; सुभेदार साहेबांनी ते पाहून विचारलं, “हा उंदीर कशासाठी?” त्याच दुपारी १५०० वाजता ऑर्डर आली. वरच्या पोस्टवरचे दोन जवान आजारी पडून खाली आलेत. वसंतनं, म्हणजे मी, आणि संपतनं दहा दिवसांसाठी वर जायचं. बदली पोहोचली की दोघांनी थेट रजेवर निघायचं.

संपत म्हणजे लान्स नाईक संपत. कार्ल्याचा, डोंगराखालच्या भातखाचरांतला. मी परंदवडीचा. बटालियनमध्ये मावळातले आम्ही दोघंच, म्हणून मला तो बडी म्हणून मिळाला. बडी म्हणजे जोडीदार. बर्फात त्याच्यावर मी नजर ठेवायची, माझ्यावर त्यानं. सोपं काम. मी कशातही गोंधळ घालू शकतो हे तेव्हा कुणाला माहीत नव्हतं, असंही नाही. वर पोहोचल्यावर पहिल्याच दिवशी मी घरून आणलेला इंद्रायणी तांदूळ उघड्या पातेल्यात शिजत घातला. त्या उंचीवर कुकरशिवाय तांदूळ शिजत नाही, हे तिथला प्रत्येक जण जाणत होता, मी सोडून. अकरा माणसांनी तो कचकच चावून खाल्ला. पोस्ट सांभाळायला आमच्याबरोबरच वर आलेले सुभेदार साहेब म्हणाले, “वसंत, दुश्मनला पण हाच घाल.”

दिवसाचा क्रम ठरलेला. ०६०० ला बडी चेक. समोरच्याला विचारायचं, डोकं दुखतंय का, उलटी झाली का, रात्री झोप लागली का. मग बर्फावर दोरी टाकायची आणि त्यावरून टाचेला पायाची बोटं लावत दहा पावलं चालायला लावायचं. ०६१५ ला मी वायरलेस सेटवर रिपोर्ट द्यायचो. डोकं दुखत असेल तर त्या माणसाला लगेच खाली न्यायचं, त्यात चर्चा नाही. आणि जोडीतला एक खाली गेला, तर दुसऱ्यानं नवा बडी येईपर्यंत जागा सोडायची नाही.

हा शेवटचा नियम मला पाठ होता.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी संपत माझ्याजवळ येऊन बसला.

“वश्या, डोस्कं लय ठनकतंय रं.”

“चहा पी.”

“दोनदा प्यालो. साहेबाला सांगावं का?”

“सांग की. तू दवाखान्यात पड, आन् मी हितं बर्फाचा पुतळा हुतो. सात दिस काढ. मंग दोघं मिळून जाऊ.”

त्यानं टोपी कानांवर ओढली. मग म्हणाला, “बरं.”

चौथ्या दिवशी ०६०० ला मी दोरी टाकली. संपत तिसऱ्याच पावलाला झोकांडला आणि हसायला लागला. मोठमोठ्यानं. मी त्याच्या मागं, तसाच डुलत, दारुड्याची नक्कल करत चाललो. सगळी पोस्ट हसली. संपत तर पोट धरून. मला फार बरं वाटलं. एवढा अबोल माणूस, पण मी हसवला.

०६१५. “पोस्ट का हाल बताओ, ओवर.”

“सब ठीक, ओवर.”

साडेआठला तो हातमोजे पायात घालायला लागला आणि पुन्हा हसला. “रजेचं भूत बसलंय,” मी सगळ्यांना सांगितलं. ०९४० ला तो बंकरच्या दारात बसला, तो उठलाच नाही. माझं नाव विचारलं तर म्हणाला, “बैल.”

त्यावरही एक जण हसला. सुभेदार साहेब हसले नाहीत. त्यांनी सेट माझ्या हातातून घेतला.

“कॅज्युअल्टी एक. हेलिकॉप्टर चाहिए, ओवर.”

“मौसम खराब है. नीचे लाओ, ओवर.”

चौघांनी त्याला स्ट्रेचरवर बांधून दोरीनं खाली उतरवायला सुरुवात केली. डोक्याकडच्या बाजूला मी होतो. ११३० पर्यंत तो पुटपुटत होता. मग तेही थांबलं. १३१० ला सोबतच्या नर्सिंग असिस्टंटनं त्याच्या गळ्यावरून हात काढला आणि माझ्याकडे न बघता घड्याळ बघितलं.

खाली डॉक्टर साहेबांनी सांगितलं, मेंदूला सूज. उंचीवर होते. डुलणं, उगाच हसणं, भ्रमिष्टासारखं वागणं, ही सगळी तिचीच लक्षणं. त्यांनी विचारलं, आधी डोकं दुखत होतं का?

मी म्हणालो, माहीत नाही.

शवपेटीसोबत कार्ल्याला मीच आलो. संपतची बायको, सुनंदा वहिनी, काही विचारत नव्हत्या. मलाच शांतता सहन होईना. म्हणालो, “वहिनी, शेवटच्या दिवशी तो लय खुशीत होता. हसत होता.” तेव्हा मला ते पुण्याचं काम वाटलं.

रिटायर झालो आणि ते पुण्य मी विकायला काढलं. लोणावळ्यात कंपन्या आपल्या माणसांना ट्रेनिंगला आणतात. तिथं ‘आनंदी कसं जगावं’ यावर मी बोलतो. होय, मीच. आधी माझ्या फजित्या सांगतो, कच्च्या तांदळाला हमखास हशा मिळतो. आणि शेवटी मृत्यूच्या दिवशीही हसणारा माझा बडी. लोक उभे राहून टाळ्या वाजवतात.

गेल्या हिवाळ्यात आयोजकांनी सुनंदा वहिनींना सत्काराला बोलावलं. मला कुणी कळवलं नव्हतं. त्या शेवटच्या रांगेत बसल्या होत्या, हे मला टाळ्या सुरू झाल्यावर दिसलं. त्या वाजवत नव्हत्या.

कार्यक्रमानंतर बाहेर झाडाखाली भेटल्या. हातात शाल आणि नारळ.

“भाऊ, एक इचारू?”

“विचारा ना, वहिनी.”

“आमचं मानूस खुशीत असलं की हसायचं न्हाई. गप बसायचं. पोरगी झाली तवा दोन दिस कुनाशी बोललं न्हाई. भाताच्या लोंबीवरनं निस्ता हात फिरवीत बसायचं. तुमी पह्यल्यांदा सांगितलंत तवाच मला वाटलं, ह्ये हसनं त्यांचं न्हाई.”

मी मानधनाचं पाकीट खिशात सारलं.

“तुमी जोडीदार ना त्यांचे? तुमाला ठावं नव्हतं?”

मग मी सगळं सांगितलं. डॉक्टरांनी सांगितलेलं, दोरीवरची माझी नक्कल, आदल्या संध्याकाळचं त्याचं डोकं दुखणं. सात दिस काढ म्हणालो, तेही. गाड्या सुटत होत्या. माझ्या भाषणावर खुश झालेले दोघं-तिघं लांबून हात हलवत होते.

शालीची घडी नीट करत त्यांनी विचारलं, “तुमी पेटीसंगं आलता. ती रजाच व्हती?”

“ती ड्युटी होती. रजा पुढं जोडून मिळाली.”

“किती?”

“तीस दिवस.”

“पुरी घेतली?”

“व्हय.”

त्यांनी शाल माझ्या हातात दिली, नारळ ठेवून घेतला आणि हायवेच्या दिशेनं चालू लागल्या. मी सोडायला येतो म्हणालो. मागं न बघता त्यांनी हातानंच नको म्हटलं.

मी आता ते भाषण देत नाही. कुणी विचारलंच, तर एवढंच सांगतो: लान्स नाईक संपत, राहणार कार्ले. खुशीत असला की गप्प बसायचा. डोकं दुखत असल्याचं त्यानं वेळेत कळवलं होतं. नियमाप्रमाणे, आपल्या बडीला.