हाफ म्हणजे कशाच्या हाफ?

चौसाळ्यापासून परळीपर्यंत रस्त्याच्या कडेला जेवढी म्हणून हॉटेलं आहेत, त्यातल्या एकूण एक मालकानं कधी ना कधी ज्या माणसाला बघून कपाळाला हात लावला, तो माणूस म्हणजे आमचे दाजी. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. अंगानं सडपातळ, डोक्याला पांढरी टोपी, खांद्याला शबनम. लांबून बघणाऱ्याला वाटावं, अगदी गरीब गाय आहे. पण हातात मेनूकार्ड आलं की त्या गाईला शिंगं फुटायची. तुम्ही-आम्ही मेनूकार्डात पदार्थ बघतो, फार तर भाव बघतो. दाजी माप शोधायचे. आता माप कुठल्या कार्डात लिहिलेलं असतं हो? तिथं आपलं नुसतं 'हाफ' आणि 'फुल'. दाजी चष्मा कपाळावर सरकवून वेटरला शांतपणे विचारायचे, "हाफ म्हंजी कशाच्या हाफ?"

"फुलच्या हाफ, काका."

"आन् फुल म्हंजी किती?"

"हाफच्या डबल."

"म्हंजी तुमी दोघं एकमेकाला जामीन ऱ्हायलात. साक्षीदार कोन हाय?"

साक्षीदार मग पिशवीतून निघायचा. स्टीलची एक वाटी. आक्काच्या रुखवतातली, काठावर आमच्या वडिलांचं नाव कोरलेली. घरी आक्का तिनं डाळ-तांदूळ मापायची, आणि बाहेर दाजी तिनं अख्ख्या हॉटेलधंद्याची लाज काढायचे. दालतडका आला की तो आधी वाटीत ओतला जायचा. वाटी भरली नाही की दाजी ती दोन्ही हातांनी उचलून आजूबाजूच्या टेबलांना दाखवत फिरायचे. आणि मी भिंतीवरच्या कॅलेंडरातला देव बघत बसायचो, दुसरं करणार काय!

बोलण्याची ही तऱ्हा त्यांना सोसायटीनं लावली होती. गावच्या सेवा सोसायटीचे ते एकदा चेअरमन झाले होते. पुढच्या निवडणुकीत पडले. पण वार्षिक सभेची भाषा काही त्यांना सोडून गेली नाही. घरात पाहुण्यांना चहा करायचा तरी "सूचक कोन, अनुमोदक कोन" विचारायचे आणि दोन्ही कामं आक्काकडून करवून घ्यायचे. तेलगावला एकदा आम्ही काजूकरी मागवली. दाजींनी चमच्यानं तळ ढवळला, हाताला लागले ते काजू एकेक करून ताटाच्या काठावर मांडले आणि मालकाला गल्ल्यावरून बोलावून घेतलं. "मालक, हे तीनच सभासद हजर हायत. कोरम न्हाई. सभा तहकूब!" बीडला एका ठिकाणी 'अनलिमिटेड थाळी' अशी पाटी होती. पहिली पोळी वाढून वेटर जो अंतर्धान पावला तो पावलाच. दाजी उठले, थेट भटारखान्यात शिरले आणि त्याचा दंड धरून त्याला बाहेर घेऊन आले. म्हणाले, "पोळी अनलिमिटेड हाय, पर वाढनारा लिमिटेड हाय." एका हॉटेलात 'फॅमिली पॅक' वाचून त्यांनी विचारलं होतं, "कंच्या फॅमिलीचा? नवरा-बायकूच्या, का आमच्या?" आमच्या म्हणजे चार भाऊ, त्यांच्या बायका, पोरंबाळं आणि एक कायमची मुक्कामाला असलेली आत्या. वेटर बिचारा आत निघून गेला.

गंमत अशी, की हाच माणूस घरी ताटात काय पडलं, किती पडलं, हे बघतसुद्धा नसे. आक्का वैतागायची. "माज्या भाजीला इतक्या वर्षांत कदी किती म्हनून इचारलं न्हाई. अन् हाटेलात गेलं की ह्यांच्या अंगात काय येतं, देवालाच ठावं!"

मला मात्र ते एकदा कळलं होतं. टँकरच्या रांगेत घागरी लावून आम्ही दोघं लिंबाच्या सावलीला बसलो होतो, तेव्हा दाजी आपणहून बोलले. बहात्तरच्या दुष्काळात ते लहान होते. आई खडी फोडायला जायची, हे तिच्या मागं. दुपारी कामावर सुकडी वाटायचे. गोडसर सरकारी चुरा, माणशी एक डबा. "त्या डब्याला बुडात पोचा पाडलेला व्हता, मेव्हणं. भाईरून बगावं तर डबा फुल, आन् आत पाऊन. समद्यांना दिसायचं, पर बोलायचं कुनी न्हाई. बोललं तर उद्या कामावर घेत्याल का न्हाई, ही धास्ती. आई आपल्यातलं मला द्यायची, म्हनायची माजं पोट भरलं. भरलं कशाचं? डबाच भरत नव्हता." एवढं बोलून ते उठले आणि उगाचच घागरी सरळ करत बसले. त्या दिवसापासून मी हॉटेलात कॅलेंडर बघणं सोडलं.

पण या वाटीपायी घरात एकदा खरंच रडारड झाली. दाजींची एकुलती एक लेक शीतल, आमची भाची. गोरीपान वगैरे काही नाही, पण शिकलेली, हसरी आणि बापासारखीच डोळ्याला डोळा भिडवून बोलणारी. तिला एक स्थळ आलं होतं. अंबाजोगाईच्या रस्त्यावर एका हॉटेलात पाहुण्यांसोबत जेवण झालं, पनीरच्या भाजीत पनीर शोधावं लागलं, वाटी बाहेर आली, आणि स्थळ परत गेलं. "पनीरच्या तुकड्यासाटी भांडनारा ईवाय आमाला झेपायचा न्हाई," असा निरोप आला. शीतल बापाला एक शब्द बोलली नाही. दाजी मात्र पार खचले. बरेच दिवस कुठल्या हॉटेलाची पायरी चढले नाहीत.

मग दुसरं स्थळ आलं. मुलगा एका सहकारी साखर कारखान्यात लॅबमध्ये होता. त्या वर्षी ऊसच नव्हता, कारखान्याचं धुराडं लवकर थंड झालं होतं, पण मुलगा गुणी होता. शीतलनं त्याला मैत्रिणीच्या लग्नात बघितलं होतं. मला बाजूला घेऊन म्हणाली, "मामा, हे जमलं पायजे. कसंबी करून जमलं पायजे." आता बैठक घ्यायची कुठं? गावात टँकर कधी येईल याचा नेम नाही, पाहुण्यांना पंगत घालायची तर भांडी घासायला पाणी कुठून आणायचं? म्हणून दोन्हीकडच्यांना सोयीचं म्हणून परळीत, स्टेशनजवळच्या एका हॉटेलात बसायचं ठरलं. हॉटेल म्हटल्यावर आक्कानं आधी बंदोबस्त केला. जीपमध्ये बसण्याआधी तिनं दाजींचा हात धरून शीतलच्या डोक्यावर ठेवला. "सांगा हिच्यापुडं. आज मापाचं एक अक्षर बोलनार न्हाई." दाजींनी शपथ घेतली. वाटी जप्त झाली आणि शीतलच्या पर्समध्ये गेली.

पाहुणे आले. मुलाचे वडील करड्या मिशांचे, मोजकं बोलणारे. त्या वर्षीच्या दुष्काळात गावची चारा छावणी चालवत होते, त्यामुळे काडी वाया गेलेली त्यांना खपत नव्हती. नमस्कार-चमत्कार झाले. मेनूकार्ड दाजींच्या हातात आलं आणि आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडं बघायला लागलो. दाजींचे ओठ हलले, पण शब्द काही बाहेर आला नाही. शपथ होती ना! विचारता येत नाही म्हटल्यावर त्यांनी आयुष्यभराच्या अनुभवावर हिशेब केला: कार्डातलं फुल म्हणजे खरं तर हाफच, आणि पाहुण्यांपुढं कमी पडायला नको. "दालतडका माणशी एक फुल. शेवभाजी माणशी एक फुल. भात माणशी एक फुल."

वेटर चांगला पिकल्या केसांचा होता. तो दचकला. "सायेब, आमच्याकडं फुल म्हंजी..."

दाजींनी हात वर केला. "मापाचं बोलायचं न्हाई. आना."

झालं! ते हॉटेल होतं कोळशाच्या ट्रकवाल्यांचं आणि हमालांचं. वीजकेंद्राच्या राखेत राबून आलेला माणूस तिथं जेवायचा. तिथलं फुल म्हणजे कडीची छोटी बादली. खरोखरची बादली! एक आली, दुसरी आली, मग येतच राहिल्या. टेबल भरलं, शेजारचं भरलं, भाताच्या पराती बाकड्यावर आल्या. दाजी त्या बादल्यांकडं बघत होते. जन्मात पहिल्यांदा कार्डावरचं फुल त्यांना फुल दिसत होतं, आणि नेमकं त्याच दिवशी! त्यांना हसावं का रडावं कळेना.

मुलाच्या वडिलांचा चेहरा उतरला. ते ताटावरून हात मागं घेऊन म्हणाले, "पाव्हणं, राग मानू नका. गुरं चाऱ्यावाचून हंबरत्यात आन् तुमी आमाला बादल्या दाखिवता? असला बडेजाव आमच्या घराला न्हाई सोसायचा." आणि ते खरंच उठले. आक्काच्या डोळ्यांत पाणी तरारलं. दाजी तोंड उघडायचे आणि मिटायचे. खुलासा करायचा तर मापाचं बोलावं लागणार, आणि मापाचं बोलायचं नाही म्हणून लेकीच्या डोक्यावर हात ठेवलेला.

तेवढ्यात शीतलनं पर्स उघडली, वाटी काढली आणि टेबलावर ठेवली. "बाबा, शपथ मीच मोडती. बोला तुमी." आणि मुलाच्या वडिलांकडं वळून म्हणाली, "बडेजाव न्हाई ओ. माजे बाबा फुल म्हंजी किती, हे इचारल्याबिगर जेवत न्हाईत. आज माज्यासाटी इचारलं न्हाई, म्हनून हे झालं. तुमी न्हाई म्हना, चालंल. पर त्यांना बडेजावी म्हनू नका."

मुलाच्या वडिलांनी वाटी उचलून फिरवून बघितली. "ही कशाला?"

आता दाजी सुटले. एरवी सभेच्या थाटात बोलणारा माणूस त्या दिवशी अडखळत बोलला. खडी, सुकडी, आई, डबा. गोष्ट पोच्यापाशी आली तसे मुलाचे वडील खाली बसले. "आमच्या कामावरबी तसलाच डबा व्हता," ते म्हणाले. "आमचा पोचा अंगठा मावंल एवढा व्हता. मी बोट घालून बगितलं तर मुकादमानं कानाखाली दिली."

"आमचा मुठीएवढा!" दाजी म्हणाले.

"मूठ लई झाली, पाव्हणं."

"लहान पोराची मूठ म्हनतो मी."

आणि ते दोघं म्हातारपणाकडं झुकलेले गडी पोच्याच्या मापावरून वाद घालू लागले. मुलाची आई आक्काला हळूच म्हणाली, "पोरगी बोलती बगा. बरं हाय, आमच्या घरात कुनीच बोलत न्हाई."

बादल्या तर तशाच होत्या. बाहेर रस्त्याकडेला ऊसतोडीहून परतणाऱ्या कुटुंबांचा एक ट्रक पंक्चर काढायला थांबला होता. सावलीत बायका-पोरं कोरड्या भाकरी सोडून बसली होती. आधी कोण उठलं ते मला आठवत नाही. पण एक बादली दाजींच्या हातात होती, दुसरी मुलाच्या वडिलांच्या, आणि मुलगा शर्टाच्या बाह्या सारून भात वाढत होता. दाजी वाटीनं वाढत होते, काठावरून सांडेपर्यंत. "घ्या की ओ, लाजू नका. बादली मोकळी करायची हाय!" शेवटची बादली रिकामी झाल्यावर त्यांचा आवाज परत आला. ट्रकपाशी उभं राहून ते गरजले, "ठराव! शीतलचं लगीन ह्या घरात. सूचक?"

"मी," मुलाचे वडील म्हणाले.

"अनुमोदक?"

"मंजूर! मंजूर!" अख्खी पंगत ओरडली, ट्रकचा ड्रायव्हरसुद्धा. बसल्या जागी सुपारी फुटली.

त्याला आता बरीच वर्षं झाली. वाटी शीतलसोबत सासरी गेली. दाजींनी आपल्या हातानं घासूनपुसून तिच्या रुखवतात मांडली. वाटीशिवाय हॉटेलात त्यांचा जीव रमेना, आणि पुढं आक्का गेली तसं त्यांचं जेवणही कमी झालं. मधून मधून मी त्यांना शीतलकडं घेऊन जातो. तिच्या घरामागं आता विहिरीला पाणी आहे, पडवीत दोन नाती धुडगूस घालतात, आणि दोन्ही व्याही अजूनही मुकादमाच्या डब्यावरून भांडतात. परवा जेवायला बसलो. शीतल त्याच वाटीत आमटी वाढायला लागली, तर दाजींनी वाटीवर हात आडवा धरला. "बस बाई. आता हाफच."

शीतलनं पळी तशीच धरून ठेवली. "हाफ म्हंजी कशाच्या हाफ, बाबा?"

दाजींनी तिच्याकडं बघितलं. मग हळूच हात काढून घेतला, आणि तिनं वाटी काठोकाठ भरली.