कुंभारीचं रक्त

धर्मपाल मोटरसायकलवरून कुंभारीत शिरला की वस्तीतली कुत्रीसुद्धा मुकाट्याने बाजूला होत. सोलापुरातल्या एका प्रयोगशाळेत तो टेक्निशियन. कुंभारीतल्या, संधिवाताने बोटं वाकलेल्या विडी कामगार बायांचं रक्त घ्यायचं आणि दोन तासांच्या आत मशीनपर्यंत पोहोचवायचं, हे त्याचं काम. तो ते अर्ध्या तासात पोहोचवी. या वेगाचा त्याला भारी अभिमान, आणि प्रयोगशाळेत नव्याने आलेल्याला तो पहिल्या चहालाच ऐकून घ्यावा लागे.

सुरुवातीला बाया रक्त द्यायला तयार नव्हत्या. गेलेलं रक्त परत भरत नाही, अशी त्यांची समजूत. तेव्हा सुंदरम्माने आधी स्वतःचा हात पुढे केला. चाळीस वर्षं विड्या वळलेली ही बाई. आता विडीला दोरा बांधतानाही तिला ओठ दाबून धरावे लागत. "ह्यो मानूस आपला हाय की," ती म्हणाली, आणि बाकीच्या बाया रांगेत बसल्या.

प्रयोगशाळेत संधिवातावर संशोधन करणाऱ्या ऋतुजा मॅडम त्या रक्तात शोधत होत्या ते पेशींनी टाकलेले कण. पेशी चिडल्या की अंगावरून अतिशय बारीक कण झाडतात. शरीराचे राखणदार ते पाहून बिथरतात आणि आपल्याच सांध्यांवर तुटून पडतात, असा मॅडमचा संशय होता. शहरातल्या संधिवाताच्या रुग्णांपेक्षा कुंभारीच्या रक्तात हे कण कितीतरी जास्त निघाले. मॅडम हरखल्या. धर्मपालने पेढे आणले.

पेढा घेता घेता मॅडम सहज बोलून गेल्या, "या पेशी फार चिडक्या, धर्मपाल. नळी जोरात हलली तरी कण टाकतात."

धर्मपालने हातातला पेढा परत खोक्यात ठेवला. शहरातल्या रुग्णांचं रक्त खालच्या मजल्यावरच्या दवाखान्यातून हातात धरून वर आणलं जाई. कुंभारीचं येई ते त्याच्या गाडीला बांधलेल्या डब्यात, प्रत्येक खड्ड्याला उडत.

दोन दिवस त्याला अन्न गोड लागेना. गप्प बसला असता तर कुणाला काय कळणार होतं? पण बायांच्या आजाराबद्दल मॅडम उद्या जे लिहिणार, ते त्याच्या गाडीच्या धक्क्यांबद्दल असणार होतं. तिसऱ्या दिवशी त्याने स्वतःचं रक्त दोन नळ्यांत घेतलं. एक टेबलावर ठेवली, दुसरी नेहमीच्या वेगाने कुंभारीला नेऊन आणली. टेबलावरच्या नळीत मोजकेच कण निघाले; ठणठणीत धर्मपालच्या त्या फिरून आलेल्या नळीत मात्र कुंभारीच्या बायांइतकेच कण भरले.

त्याने कागद मॅडमपुढे ठेवला. त्यांनी दोन्ही नळ्यांचे आकडे पुन्हा ताडून पाहिले.

"सगळं पुन्हा घ्यावं लागेल," शेवटी त्या म्हणाल्या. "या वेळी मशीनच तिकडे नेऊ. पण बाया नाही म्हणाल्या, तर काम इथेच थांबलं."

दुसऱ्या दिवशी तो कुंभारीला गेला, पहिल्यांदाच सावकाश. सुंदरम्मा उंबऱ्याशी मांडीवर सूप घेऊन विडीची पानं कातरत होती. त्याला बसवेना. उभ्यानेच म्हणाला, "अम्मा, तुमच्या रक्तात खोट नव्हती. मी गाडी दामटली, म्हणून ते बिघडलं. सगळ्यांचं वाया गेलं. परत मागायला आलोय."

कात्री थांबली. आता ही आपल्याला दारातून घालवणार, असं त्याला वाटलं, आणि तेच रास्त आहे असंही वाटलं.

"चाळीस वर्सं कारखान्यात माझ्या विड्या छाटल्या," सुंदरम्मा म्हणाली. "सैल हाय, फाटकी हाय म्हनत वंजळ भरभरून फेकल्या. पान आमीच कुजकं दिलं हुतं, चूक आमची हाय, असं सांगायला एक बी मुकादम ह्या दारात आला न्हाय."

तिने सूप खाली ठेवलं आणि डावा हात जमेल तितका सरळ करून त्याच्यापुढे धरला.

"ह्यातनं घे. त्यो दुसरा आज लई दुखतोय."