खिडकीत बसवलेला कूलर

जरीपटक्यातल्या त्या खोलीला एकच खिडकी होती, आणि पुष्पलतानं तिच्यात कूलर बसवून घेतला होता. पोरीच्या अंगावर घामोळ्या उठत, म्हणून. लोखंडी स्टँड खिडकीच्या गजांना वेल्डिंग केलेला, कडेच्या फटींत थर्माकोल आणि चिंध्या ठासलेल्या. मे महिन्यात खोलीभर वाळ्याचा वास सुटे, पोरगी उन्नती त्या गारव्यात निवांत झोपे, आणि गांधीबागेतून आणलेल्या साड्यांना फॉल लावता लावता पुष्पलताला वाटे, एवढं तरी आपल्याला साधलं.

पावसाळ्यातही कूलर तिथंच राहिला. सगळ्यांचेच राहतात. उकडलं की ती तो लावी. खाटेमागच्या भिंतीवर आधी तिळाएवढे काळे ठिपके उठले, मग ते एकमेकांना जाऊन मिळाले. तिनं पुसलं, चुना मारला. चुन्यातूनही काळं वर आलं तेव्हा तिनं भिंतीवर जुनी साडी ताणून खिळे मारले.

उन्नतीचा खोकला तेव्हाच सुरू झाला.

"पोरगी खोकून खोकून वाळली वं," वर राहणाऱ्या घरमालकीण यमुताई जिन्यातून म्हणाल्या. "कुल्फ्या कमी देत जा तिले."

"कुल्फी कुठची बाई, गरम पाणी पाजून राहिली मी. तुमच्या मोरीचं पाणी झिरपून राहिलं भिंतीत, ते पाहा जरा."

"इतके भाडेकरू राहून गेले, कोणाले ओल दिसली नाही. तुलेच बरी दिसली."

एका दुपारी उन्नतीच्या बरगड्या श्वासागणिक आत ओढल्या जाऊ लागल्या. ओठ निळसर पडले. पुष्पलता आणि तिचा नवरा नागसेन तिला ऑटोत घालून दवाखान्यात धावले. डॉक्टरीणबाईंनी ऑक्सिजनचा मास्क लावला आणि श्वास जरा स्थिरावल्यावर घराची चौकशी केली.

"खिडकी उघडते का?"

"तिथं कूलर आहे."

"पावसाळ्यात चालू असतो?"

"तिच्या डोक्याशीच," पुष्पलता म्हणाली, आणि साडीमागच्या काळ्या भिंतीचंही सांगितलं.

नागसेननं स्टँड कापून काढला. साडी उतरवली, तर मागची भिंत काळी, बुरशीनं केसाळ. गादीही खालून तशीच. गादी फेकली, भिंत खरवडली, औषध मारलं. पण वरच्या मोरीची फरशी यमुताईंनी उघडू दिली नाही, आणि आठवड्याभरात कोपरा पुन्हा काळा झाला. दुसऱ्या खोल्या पाहिल्या. त्यांच्या आवाक्यातल्या सगळ्याच ओलीच्या. शेवटी उन्नतीला उमरेडकडच्या गावी आजीकडे पाठवलं. तिथं पत्र्याचं घर, कोरडं, चहूकडून वारा.

दिवाळीनंतर फोनवर ती म्हणाली, "आई, मी पळली तरी मले दम नाही लागत आता."

"बरं झालं माय."

"मग ने ना मले घरी. बरी झाली ना मी."

पुष्पलतानं सुई कापडात खोचली. "तिथल्या शाळेत नाव घातलं तुझं," ती म्हणाली.

"काहून?"

तिनं फोन नागसेनच्या हातात दिला. त्यानं तो कानाशी धरला. पलीकडून उन्नती पुन्हा पुन्हा तेच विचारत होती.