करवंटीतल्या एरंडाच्या बिया

दुसऱ्या महायुद्धाची वर्षं होती. मी अकरा वर्षांची. चौथीनंतर शाळा सुटली आणि घरात कामं माझ्या वाट्याला आली. शेण काढायचं, पाणी आणायचं, कुत्र्याचे गोचीड काढायचे.

आमचं गाव सुप्याच्या बाजूला, माळाचं. गुरांच्या अंगावरचे गोचीड कुत्र्यावर चढायचे. काढलेला गोचीड रॉकेलमध्ये टाकायचा, पण रॉकेल मिळत नव्हतं. म्हणून करवंटीत राख घेऊन त्यात टाकायचा. संध्याकाळी आई करवंटी बघायची, चुलीत रिकामी करायची आणि मग मला भाकरी वाढायची.

गोचीड ओढला की पाय हलवत बोटाला चिकटतो. मला किळस यायची असं मी पुढे स्वतःला सांगत आले. खरं म्हणजे आळस होता. कुंपणाला एरंड होते. रक्त पिऊन फुगलेला गोचीड आणि एरंडाची बी राखेत घोळले की सारखेच दिसतात. मी रोज वीसेक बिया करवंटीत टाकायची. चुलीत त्या तडतडायच्या. आई म्हणायची, "मेले लई रगात पित्यात. बरं केलंस."

महिनाभर असं चाललं. मग कुत्र्यानं खाणं सोडलं. कान तापलेले. पोटाच्या उघड्या कातडीवर लाल ठिपके उठले, नाकातून रक्त आलं. चालताना मागचे पाय लटपटायचे. एका दुपारी तो पाण्यापर्यंत गेला आणि तोंड न लावताच फिरला. चुलती ओट्यावरून बघत होती.

"पिसाळलंय ते. पान्याला भ्यालं, दिसलं न्हाई का?"

वडील म्हणाले, "कुनाला चावलं न्हाई अजून."

"चावायची वाट बघताय व्हय, भावजी?"

वडिलांना त्याला मारायचं नव्हतं. त्यांनी मला हाक मारली. "तू रोज त्याच्याजवळ बसतीस. गोचीड काढताना तुज्यावर कधी गुरगुरलं का?"

नाही म्हटलं, तर ते जवळ जाऊन त्याला तपासणार. कान उलटून बघणार. मी म्हणाले, "व्हय. काल गुरगुरलं."

तो कुत्रा माझ्यावर जन्मात कधी गुरगुरला नव्हता.

वडिलांनी कुऱ्हाडीचा दांडा घेतला. त्यांना बघून कुत्र्यानं शेपूट हलवली. दोन घाव लागले. मी दारात उभी होते, आत गेले नाही.

गळ्यात दोर अडकवून त्याला बांधाकडे ओढत नेलं. आई आणि मी मागून गेलो. खड्ड्यात ढकलताना त्याचा कान उलटला. आत कणसाच्या दाण्यांसारखे गोचीड खच्चून बसले होते. वडील माती ओढत होते, त्यांनी बघितलं नाही. आईनं बघितलं.

घरी येऊन तिनं करवंटीतली एक बी उचलली. नखानं फोडली. आत पांढरा गर होता. तो तिनं माझ्यासमोर धरला.

"तुज्या बापाला सांगनार न्हाई मी," ती म्हणाली. "त्याला घास गिळायचा न्हाई."

मारलं नाही, शिवीही दिली नाही. भाकरी वाढली. मी ती खाल्ली. भूक लागली होती.

म्हातारपणी एका जनावरांच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, गोचिडांच्या तापात ठिपके, रक्त, लटपट, सगळं होतं. त्या काळी औषध नव्हतं, तो तसाही वाचला नसता कदाचित. हे मला बरं वाटावं म्हणून ते बोलले. कदाचित वाचलाही असता. आणि गोचीड काढले असते तर ताप आलाच नसता.

वडील मात्र पुढे कितीतरी वर्षं पाहुण्यांना सांगायचे, "गुनाचं कुत्रं हुतं. पर पोरीवर गुरगुरलं, म्हून हात उचलला." सांगताना माझ्याकडे बघायचे, पोर वाचली म्हणून. मी ताटं वाढत असायची. आई चुलीकडे तोंड करून बसायची.

वडील गेले तेही हेच खरं मानून. शेवटच्या आजारात मी महिनाभर त्यांच्या उशाशी होते. सांगायला वेळ भरपूर होता.