काहीच न करणाऱ्या ओळी

आमच्या ऑफिसात फोरट्रान ही जुनी संगणकभाषा वाचता येणारी मी एकटीच उरले आहे. दोन सर होते, दोघेही निवृत्त झाले. देपालपुरकडच्या विहिरींची पाणीपातळी सांगणारा त्यांचा जुना प्रोग्राम मी सांभाळते. कोणीतरी शिकायला द्या, म्हणून सहा वर्षं साहेबांच्या मागे लागले होते. गेल्या हिवाळ्यात एक मुलगी मिळाली. छत्रीबागेतली, मराठी घरातली, चुणचुणीत.

पहिल्याच दिवशी मी शिकवणं दोन मिनिटांत उरकलं. "प्रोग्रामच्या ओळी, म्हणजे विधानं, दोन प्रकारची. काही काम करतात, म्हणजे हिशेब, तुलना, छपाई. काही काहीच करत नाहीत, वर नुसती बसून असतात."

"म्हणजे शादीतल्या फूफाजींसारखी!"

त्या खोलीत मी बऱ्याच दिवसांनी हसले. मग पंधरा दिवस डबाही आम्ही बरोबरच खाल्ला.

मी दोन दिवस रजेवर गेले. परत आले तर सगळ्या विहिरी पूर्ण आकड्यांत, सहा मीटर, सात मीटर. दशांश गायब, आणि अहवाल साहेबांपर्यंत पोचलेला.

"काय काढलंस?"

"मॅडमजी, फालतू लाइनी साफ केल्या बस. तुम्हीच बोलल्या होत्या ना, त्या काही करत नाहीत?"

तिने वर बसलेल्या, घोषणेच्या ओळी पुसल्या होत्या. वेगळं सांगितलं नसेल, तर फोरट्रान आय ते एन या अक्षरांनी सुरू होणारं नाव पूर्णांक धरतं. पातळीचं नाव एलने सुरू होणारं, लेव्हल. ती दशांशासकट घे, हे सांगणारी ओळच गेली. यंत्राने न कुरकुरता दशांश कापले.

ओळ परत घालायला मिनिट लागलं. साहेबांना म्हटलं, चूक माझी, मी अर्धवट शिकवलं.

"अरे मॅडम, छोडो. यापुढे त्या प्रोग्रामला तुमच्याशिवाय कोणी हात लावायचा नाही."

त्यांना वाटलं, माझा मान राखला. मुलीला वेबसाइटच्या कामाला वरच्या मजल्यावर पाठवलं. तिला परत द्या, म्हणून मी दोनदा अर्ज दिला. नकार आला.

फोरट्रानमध्ये ओळीच्या पहिल्या रकान्यात सी लिहिलं की ती ओळ यंत्र सोडून देतं. ती वाचणाऱ्या माणसासाठी असते. सरांनी अशा ओळी लिहिल्या नाहीत, मीही नाही. विचारायला शेजारी कोणीतरी असायचं. आता जेवण झालं की रोज दोन-तीन लिहिते. पहिली घोषणांच्या वर लिहिली: या काढू नका, आणि का ते. कोण वाचणार हे माहीत नाही, म्हणून त्या मुलीला समजेल अशाच लिहिते.