वाघमारेमामा आणि हवेचा पाइप

घरात आले की वाघमारेमामा आधी भिंतीला कान लावत. हत्यारांची पिशवी दारातच राही. आम्हाला नळ सोडायला सांगत, डोळे मिटून ऐकत आणि गळती कुठे आहे ते बोटाने दाखवत. वर म्हणत, "पाणी खोटं बोलत न्हाई साहेब." नारायणगुड्यातल्या आमच्या चार मजली इमारतीचे नळ आणि मोऱ्या त्यांनी अठरा वर्षं सांभाळल्या. मूळचे नांदेडकडचे, बौद्ध. आमचंही गाव तिकडचंच, म्हणून इथल्या तेलुगू-उर्दूत त्यांचं मराठी कानाला बरं वाटे. एवढ्यावर मी त्यांना आपला माणूस म्हणत असे. म्हणायला काय जातं!

सून नोकरीला लागली आणि सकाळी एकुलत्या बेसिनपुढे तिची आणि मुलाची ओढाताण होऊ लागली. मी बाथरूममध्ये दोन बेसिनं बसवायचं ठरवलं. मामांनी जागा पाहिली आणि सांगितलं, दोन्हींचं पाणी जुन्या एकाच पाइपात जाणार, तेव्हा हवेचा एक पाइप वर काढावा लागेल. मला कळेना. त्यांनी भरलेली बाटली बेसिनवर उपडी धरली. ती अडखळत, गुडगुडत रिकामी झाली.

"हवा मिळंना की पाणी असं धापा टाकतंय. मंग एक बेसिन दुसऱ्याच्या वाकड्या नळीतलं, वास अडवणारं पाणी ओढून घेतंय, अन् गटाराचा वास घरात. कायकू करायचं तसं?"

पाइप न्यायला मार्ग एकच होता, मागच्या भिंतीतून. त्या भिंतीपलीकडे आमचं देवघर. आई म्हणाली, गटाराची हवा देवांच्या पाठीमागून जाणार नाही. मग आवाज उतरवून म्हणाली, आणि देवघराची भिंत त्याने फोडायची नाही. मामा दारातच उभे होते. ऐकलं असणार. मी तसाच बाहेर येऊन मामांना म्हणालो, हवेच्या पाइपाशिवायच बसवा. त्यांनी भिंतीवरून हात फिरवला.

"हौ. घर तुमचं हाय," एवढंच म्हणाले.

बेसिनं दिसायला झकास झाली. दोन महिन्यांत वास सुरू झाला आणि उदबत्तीला न जुमानता देवघरात पोचला. पाहुणे नाक मुरडत, आम्ही खिडक्या उघडत असू.

त्याच सुमारास इमारतीचे सगळे जुने पाइप बदलायचं निघालं. ते काम मामांना हवं होतं. सगळी बिल्डिंग एकदा आपल्या हाताने नवी करून द्यायची आणि मग हत्यारं खाली ठेवायची, असं त्यांनी मला जिन्यात सांगितलं होतं. मिटिंगीत मी सेक्रेटरी. कुणीतरी म्हणालं, मामांचा हात गेला आता, सेक्रेटरींच्याच बाथरूमचा वास बघा. सगळे माझ्याकडे वळले. चूक माझी होती हे सांगायचं, तर देवघराचं सांगावं लागलं असतं, आणि आईचं ते दुसरं वाक्य मला अजून ऐकू येत होतं. मला लाज वाटली, आणि ती झाकायला मी मामांना पुढे केलं.

"वय झालंय त्यांचं," मी म्हणालो.

काम दुसऱ्याला गेलं. मामांनी कुणाकडे तक्रार केली नाही. त्यांनी येणंच बंद केलं.

पुढे वास असह्य झाला तेव्हा आईच म्हणाली, फोडा ती भिंत. नव्या प्लंबरने देवघराच्या बाजूने भिंत फोडली आणि मला हाक मारली. बाथरूमच्या बाजूने बसवलेल्या जोडणीला वरच्या दिशेने एक तोंड काढून त्यावर बूच बसवलेलं होतं. तो म्हणाला, ज्याने हे केलं त्याला काम येत होतं, फक्त पाइप जोडायचा बाकी ठेवलाय. संध्याकाळपर्यंत पाइप वर गेला आणि वासही गेला.

मामा बेगम बाजारात एका हार्डवेअरच्या दुकानात बसतात असं कळलं. मी गेलो. ते स्टुलावर बसून पाइपाचे सुटे भाग मापाप्रमाणे वेगळे करत होते. मी सगळं सांगितलं, माफी मागितली. त्यांचे हात थांबले नाहीत.

"हे मिटिंगीत सांगायचं होतं साहेब. हितं मला सांगून काय? मला तं ठावंच हाय."

पुढच्या मिटिंगीत नक्की सांगतो, असं मी म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि गिऱ्हाइकाकडे वळले.

त्याला दोन वर्षं झाली. मिटिंगा तीन झाल्या. तिन्हींचं इतिवृत्त मीच लिहिलं. त्यात मामांचं नाव नाही.